फिरते विशेष शिक्षक शाळेत आले की त्यांच्याकडून नेमकं काय मागायचं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग आहे माझ्याकडे. पट ३४. त्यात एक मुलगी श्रवणयंत्र वापरते. एक मुलगा तोंडी हिशेब माझ्याआधी करतो, पण वाचायला दिलं की घामाघूम होतो. तिसरा यंदाच दाखल झालाय, स्वमग्नतेचं (ऑटिझम) प्रमाणपत्र आहे, वर्गात गलका वाढला की बाकाखाली जाऊन बसतो.

तालुक्याच्या गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे (दिव्यांग मुलांनी इतरांसोबत त्याच वर्गात शिकायचं) विशेष शिक्षक येतात. त्यांच्याकडे शाळा एवढ्या की आमच्या वाट्याला महिन्याकाठी एखादा अर्धा दिवस येतो. आले की तिघांना घेऊन व्हरांड्यात बसतात. चित्रकार्डं, मणी, ठोकळे. मुलं खूश असतात. सर गेले की माझा वर्ग जिथं होता तिथंच. माणूस भला आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच की त्या अर्ध्या दिवसात मी त्यांच्याकडून काय मागावं? त्यांनी मुलांना शिकवायचं की मला?

तिरकस
आधी फोटो मागा. अक्षांश-रेखांशासकट. नाहीतर भेट झालीच नाही असं धरतात.

गोदाकाठ
खडूफळा सर, मी हेच काम करतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तुम्हाला. आता जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मी महिन्यातून एकदा येणार. बाकीचे सगळे दिवस ते मूल तुमच्यासमोर असणार. मी व्हरांड्यात कितीही जीव तोडून शिकवलं तरी दिवसांचा हिशेब जमत नाही. मी काही बदलू शकलो तर तुमच्या वर्गातली एखाद-दुसरी गोष्ट बदलू शकतो, आणि ती उरलेले सगळे दिवस चालू राहते.

म्हणून पहिला तास मला वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. मी मुलाकडे बघतो तेवढंच वर्गाकडे बघतो. श्रवणयंत्रवाली मुलगी कुठं बसते? खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गुरुजींचा चेहरा तिला काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोललात तर अर्धं वाक्य गेलं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तुमचा आवाज आणि पंख्याची घरघर दोन्ही मोठं करतं. हे तुम्हाला शिकवताना दिसणार नाही, मला मागं बसून दिसतं. आणि कानातला साचा! मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा सैल होतो, मग शिट्टी वाजते, मग पोरं हसतात, मग पोरगी यंत्र दप्तरात टाकते. आपण म्हणतो "वापरतच नाही."

वाचनाच्या मुलाला मात्र मी बाजूला घेईन, पण शिकवायला नाही, तपासायला. मराठीत अडणारं मूल कुठं अडतं ते नीट बघावं लागतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. रफार उच्चारायचा आधी, लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरात अर्धं अक्षर कधी दांडी गाळून, कधी खाली लटकून. एखाद्याचं अक्षर-आवाज जुळणीतच अडतं, एखाद्याचं फक्त जोडाक्षरात. दोघांना एकच "रोज एक पान वाच" सांगितलं तर पहिल्याचा नुसता छळ होतो.

शेवटी निघताना मी तुम्हाला दोनच गोष्टी सांगाव्यात. दहा नाहीत. पुढच्या भेटीत त्या दोनच विचाराव्यात.

दोन मुलांची आई
वाचून हेवा वाटला. मोठ्या शहरात, खाजगी शाळेत आहे माझा मुलगा. अतिचंचलता (एडीएचडी) आहे. शाळेनं सरळ सांगितलं, तुमच्या खर्चानं सोबतीला बाई ठेवा, नाहीतर बघा. विशेष शिक्षक कागदावर आहेत एक, त्या पूर्ण शाळेच्या प्रवेशाचं कामही बघतात. :(

कलम_बहाद्दर
खाजगी म्हणून सुटका नाही हो ताई. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १६ सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त, दोन्ही प्रकारच्या संस्थांबद्दल बोलतं: प्रवेशात भेदभाव नको, गरजेप्रमाणे सोयी द्या. आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला लावलं. प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक, पुढे १५ मुलांमागे एक.

एक मेख आहे. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणितात अडणं) आहे, स्वमग्नता आहे, पण अतिचंचलतेचं वेगळं नाव नाही. त्यामुळे नुसत्या त्या निदानावर कागदपत्रांत अडवणूक होते. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर ती तपासून घ्या, बऱ्याचदा असते.

तिरकस
१० मुलांमागे एक! आमच्याकडे १० गावांमागे एक आहे आणि त्याची दुचाकी नादुरुस्त आहे.

रानवाटा
तिरकस, हसू आलं खरं, पण ती माणसं वर्षानुवर्षं करारावर राबलीत. दरवर्षी मुदतवाढ मिळेल का याचीच धाकधूक. २०२४ मध्ये राज्यानं केंद्र पातळीवर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. ती खरोखर भरली गेली तर खडूफळांच्या शाळेला महिन्याऐवजी दर आठवड्याला कोणी मिळू शकतं.

एरंडाचं_गुऱ्हाळ
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. ही सगळी समावेशाची भाषा ऐकायला छान आहे. माझी पुतणी जन्मतः पूर्ण बहिरी आहे. चार वर्षं गावच्या शाळेत "समाविष्ट" होती, म्हणजे तिसऱ्या बाकावर बसून फळा उतरवत होती. अक्षर मोत्यासारखं, अर्थ शून्य. मग कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घातली आणि वर्षभरात पोरगी भांडायला लागली! हातवाऱ्यांनी, पण भांडायला. तिला जी भाषा मिळाली ती महिन्यातून एकदा येणारा कुठलाही तज्ज्ञ देऊ शकला नसता.

गोदाकाठ
एरंडाचं_गुऱ्हाळ, राग कसला, पूर्ण सहमत आहे. भाषा ही तासभर देऊन जाण्याची वस्तूच नाही. पूर्ण बहिऱ्या मुलाला लहान वयात खुणांची भाषा बोलणारी माणसं आजूबाजूला हवीत, मित्र हवेत. कायद्यातही ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यातलं पालकांना निवडता येतं. कलम ३१. निवड त्यांची.

आमच्याकडून जे चुकतं ते असं की पालकांसमोर दोन्ही पर्याय नीट मांडले जात नाहीत. पटावरचं मूल जाऊ नये म्हणून शाळा गप्प, आणि आपली यादी कमी होऊ नये म्हणून कधी कधी आमचे लोकही गप्प.

दगडफूल
अशी कबुली इथे दुर्मिळ. _/\_

पांढरी_काठी
मी जन्मांध आहे, वय पन्नाशीपुढे. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत घालायची केंद्र सरकारची योजना १९७४ ची, तिच्यातून मी शिकलो. आमच्याकडेही एक फिरते गुरुजी यायचे. त्यांनी मला ब्रेल, पाटी-सळई, गणिताची टेलर पाटी शिकवली, हे त्यांचं कामच होतं आणि ते व्हरांड्यातच होत असे, ते वर्गात जमणारच नव्हतं. तेव्हा व्हरांड्याला सरसकट नावं ठेवू नका.

पण माझं शिक्षण झालं ते त्यांनी वर्गाच्या बाईंना सांगितलेल्या एका वाक्यामुळे. "फळ्यावर जे लिहाल ते तोंडानं म्हणा." बस. "हे इथे आलं, म्हणून ते तिकडे गेलं" असं बीजगणित बाई शिकवायच्या, त्या दिवसापासून "दोन एक्स अधिक तीन" असं म्हणायला लागल्या. गंमत म्हणजे मागच्या बाकावरची डोळस टवाळ मंडळीही पास व्हायला लागली, कारण त्यांना फळा दिसायचा पण बाईंचं अक्षर लागायचं नाही.

तिरकस
मागच्या बाकावरच्या टवाळांतर्फे फिरत्या गुरुजींना साष्टांग नमस्कार.

शाईचा_डाग
माझा डावा हात दुसरीत पट्टीनं "दुरुस्त" केला होता. तेव्हा कोणी तज्ज्ञ आला असता तर बरं झालं असतं. आता दोन्ही हातांनी वाईट लिहितो.

मुठीतलं_पेन्सिल
@शाईचा_डाग :D

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, काही शाळांना भेटी देते. हस्ताक्षराच्या तक्रारीसाठी बोलावतात आणि माझी नजर आधी मुलाच्या पायांकडे जाते. पाय जमिनीला टेकतात का? लटकत असतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, हाताला स्थिरता कुठून येणार? खाली लाकडी ठोकळा किंवा जुनी पुस्तकं बांधून ठेवली तरी फरक पडतो. बाक छातीपर्यंत येत असेल तर खांदे वर चढतात. पेन्सिलची पकड, जाड पेन्सिल वगैरे हे त्यानंतर.

आणि खडूफळा, तुमचा बाकाखाली जाणारा मुलगा. तो खाली गेल्यावर तुम्ही काय करता ते मला नका सांगू. खाली जाण्याआधी काय झालं ते लिहून ठेवा. आठवडाभर, फक्त तीन रकाने: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं. वेळ लिहा. विशेष शिक्षक आले की ते पान त्यांच्या हातात द्या. अर्ध्या दिवसाच्या पाहुण्याला तो प्रसंग डोळ्यांनी दिसेलच असं नाही, ते पान मात्र आठवडा दाखवतं.

पाटीपूजक
हे सगळं वाचायला ठीक. चौतीस मुलं, एक शिक्षक, वर सतरा माहित्या रोज ऑनलाइन भरायच्या, आणि आता तीन रकाने. रकाने कधी भरायचे, स्वप्नात?

मुठीतलं_पेन्सिल
पाटीपूजक सर, रास्त मुद्दा. एक खूण पुरते. वर्गपाठाच्या वहीच्या समासात "१०.४० घंटा" एवढं लिहिलंत तरी चालेल. मला सुबक तक्ता नकोय, वेळ हवीय.

मुख्याध्यापिका_बाई
मी मुख्याध्यापक म्हणून लिहिते. या चर्चेत एक माणूस कोणी धरलेलाच नाही, तो म्हणजे मी. विशेष शिक्षक आले की वर्गशिक्षकाला त्यांच्याशी बोलायला पंधरा-वीस मिनिटं मोकळी कोण करून देणार? मुख्याध्यापकानंच ना? आमच्याकडे ते आले की मी स्वतः त्या वर्गावर जाते, परिपाठातली उरलेली गोष्ट सांगते, गाणी घेते. वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक कार्यालयात बसतात. हे होत नसेल तर दोघांची भेट नुसती दारात "काय सर, कसं काय" एवढीच होते, आणि मग व्हरांड्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरं, केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला असते. तिथे केंद्रप्रमुखांना सांगून विशेष शिक्षकांना अर्धा तास मिळवा. एकाच वेळी केंद्रातल्या सगळ्या शाळा ऐकतात. विषय मात्र एक घ्या, "समावेशित शिक्षण: संकल्पना व स्वरूप" असला नको. "जोडाक्षरात अडणारं मूल" असा घ्या.

दगडफूल
"संकल्पना व स्वरूप" वाचूनच डुलकी आली.

सावलीतलं_ऊन
विशेष शिक्षकांना सगळंच येतं असं धरून चालता का तुम्ही लोक? माझी वहिनी याच क्षेत्रात आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, पण प्रशिक्षण बहुतेक एका प्रकारात झालेलं असतं. कुणाचं श्रवणदोषात, कुणाचं दृष्टिदोषात, कुणाचं बौद्धिक अक्षमतेत. शाळेत मात्र तिला समोर येईल त्या प्रत्येक मुलाबद्दल विचारतात. ती श्रवणदोषाची, आणि येणारे निम्मे प्रश्न स्वमग्नतेचे.

गोदाकाठ
अगदी बरोबर. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "सर, तुमचं मूळ प्रशिक्षण कशात?" आम्हाला वाईट वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. मी दृष्टिदोषाचा आहे. स्वमग्नतेचं मूल आलं की मी गटातल्या दुसऱ्या सहकाऱ्याला फोन लावतो, किंवा पुढच्या भेटीला तिला घेऊन येतो. "बघतो" म्हणून वेळ मारून नेणारा तज्ज्ञ सगळ्यात महाग पडतो.

नाकावरचा_चष्मा
अवांतर होतंय पण विचारते. शाळेनं आम्हाला बोलावून सांगितलं की "प्रशस्त ॲपवर तुमच्या मुलीचं नाव आलंय." आम्ही दोघंही हादरलो. दिव्यांग म्हणून शिक्का बसला का हा?

कलम_बहाद्दर
नाही. ते एनसीईआरटीचं (शालेय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) चाळणीचं साधन आहे. आधी वर्गशिक्षक निरीक्षणाची प्रश्नावली भरतात, मग विशेष शिक्षक पुन्हा बघतात. त्यातून एवढंच कळतं की या मुलीची नीट तपासणी व्हायला हवी. निदान डॉक्टरांचं, प्रमाणपत्र रुग्णालयाचं.

दोन मुलांची आई
@नाकावरचा_चष्मा, घाबरू नका, पण तपासणी लांबवूही नका. आमच्या नात्यात एकांनी "लग्नात अडचण येईल" म्हणून मुलीचं प्रमाणपत्रच काढलं नाही. मुलगी तेव्हा सहावीत होती! पुढे दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा मिळाली असती, ती गेली. अध्ययन अक्षमतेत साधारण आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र मिळतं, मग चौदा आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात.

एरंडाचं_गुऱ्हाळ
लग्नाची चिंता सहावीत. धन्य.

नाकावरचा_चष्मा
धन्यवाद दोघांना. पुढच्या आठवड्यात वेळ घेतलीय.

खडूफळा
मंडळी, महिनाभर गप्प होतो, कारण करून बघत होतो. वृत्तांत देतो.

सर आले. या वेळी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलं होतं (मुख्याध्यापिका_बाई, तुमची युक्ती), त्यांनी वर्ग सांभाळला. सर पहिला तास मागं बसले. मला घाम फुटला होता, तपासणीला कोणी आल्यासारखा. मग आम्ही बसलो.

समासातल्या खुणांवरून कळलं की मुलगा गलक्यामुळे नाही, बदलामुळे बाकाखाली जातो. जवळजवळ प्रत्येक वेळी एक तास संपून दुसरा सुरू होताना. गलका तेव्हाच होतो म्हणून मला गलका हे कारण वाटायचं. सरांनी दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक करून दिलं, भिंतीला चिकटवलं. तास संपायच्या जरा आधी मी त्याच्याजवळ जाऊन पुढच्या चित्रावर बोट ठेवतो. अजूनही जातो खाली, पण कमी, आणि स्वतःहून बाहेर येतो. वेळापत्रक आता सगळा वर्ग बघतो. "गुरुजी, कार्यानुभव झाला नाही" अशी वसुलीही सुरू झालीय.

वाचनाच्या मुलाचं: अक्षरं पक्की आहेत, वेलांटी आणि जोडाक्षरं ढासळतात. त्याला आता धड्याऐवजी त्याच शब्दांच्या पट्ट्या देतोय. उत्तरं तोंडी घेतो. लेखी परीक्षेचं काय, हा प्रश्न आहेच. मुलीची जागा बदलली, एवढ्यानंच ती हात वर करायला लागली.

पाटीपूजक
मान्य. खुणा करून बघतो मीही.

मुठीतलं_पेन्सिल
बदलामुळे! बघा, व्हरांड्यात बसून हे कुणाला कळलं असतं?

पांढरी_काठी
ताई, पुन्हा व्हरांडा? :)

मुठीतलं_पेन्सिल
शब्द मागे घेते काका. व्हरांडा ब्रेलसाठी राखीव.

रानवाटा
खडूफळा, आता पुढची काळजी. तुमची शाळा चौथीपर्यंत असेल तर जूनमध्ये ही तिघं दुसऱ्या गावात जाणार. तिथले गुरुजी पुन्हा शून्यापासून. विशेष शिक्षक बहुधा तेच राहतील, पण त्यांचा करार संपला किंवा बदली झाली तर सगळं त्यांच्या डोक्यात होतं ते गेलं.

गोदाकाठ
याच्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक योजना असते, पण तिचे नमुने एवढे लांब असतात की पुढचा शिक्षक उघडत नाही. योजना फाइलला राहू द्या. सोबत एका पानावर हातानं लिहा: काय केल्यानं चालतं, काय केल्यानं बिघडतं, यंत्र कुणाकडून दुरुस्त होतं, घरी कोणाशी बोलायचं. एक प्रत पालकांकडे द्या. सगळ्यांच्या बदल्या होतात, आईबापांची होत नाही. आणि शक्य असेल तर मार्चमध्ये त्या मुलाला नवीन शाळा एकदा दाखवून आणा, तुमचं चित्रांचं वेळापत्रकही सोबत पाठवा.

खडूफळा
चौथीपर्यंतच आहे. पान लिहितो. नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा सर.

गोदाकाठ
केला.

इवलंसं_रोप
नवीन सदस्य आहे, सगळा धागा वाचला. माझा मुलगा तीन वर्षांचा, अंगणवाडीत जातो, अजून दोन शब्दांचं वाक्य नाही. हे सर अंगणवाडीत येतात का, की पहिलीपर्यंत थांबायचं?

गोदाकाठ
अजिबात थांबू नका. आमची नियमित फेरी शाळांची असते. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, सेविकाताईंना पुढची तारीख विचारा. लांब असेल तर वाट न बघता जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. सगळ्यात आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या, "आवाज दिला की बघतो" यावर जाऊ नका. आणि सेविकाताईंना आत्ताच सांगून ठेवा की तो कधी बोलतो, कशासाठी बोलतो, ते लक्षात ठेवा.